नळावर ठेवलेला हात

१९७३ साल. मी एकोणतीस वर्षांचा होतो, मंदा सहा वर्षांची, आणि तुम्ही, बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असाल. तरी पहिल्या दिवशी तुम्ही मला उभं ठेवलं.

खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेलो तर म्हणालात, "बसा नंतर. आधी तिच्यासमोर या आणि तिचं नाव घ्या."

मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाय. नाव घेऊन काय फायदा?"

"घरी किती वेळा घेता?"

मंदाला बोलवायचं तर आम्ही खांद्याला हात लावायचो. लांब असली तर खडा मारायचो, पायाजवळ, लागणार नाही असा. सहा वर्षांच्या माझ्या लेकीचं नाव मी तिच्यासमोर उभं राहून एकदाही घेतलं नव्हतं, हे मला तुमच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत कळलं. त्याचा मला राग आला. चूक माझी निघाली की मला आधी राग येतो, बाकीचं मागून. मी मंदाचा दंड धरला आणि निघालो.

दारात मंदाची माय आडवी उभी. ती म्हणाली, "तुम्ही जावा. पोरगी राहील."

अशी आपली ओळख झाली.

तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे होत आले. शाळेची जुनी मुलं तुमच्यावर एक पुस्तक काढताहेत, त्यात मंदाच्या बापानंही लिहावं असं त्यांचं ठरलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे माझ्या हातानं लिहिलंय, नात रेणूनं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलं. तुमचा जन्म कुठला, मानपत्रं किती मिळाली, ते बाकीचे लिहितील. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलं. शेवटचा शब्द तुमचा झाला, आणि तो मला ऐकू आला नाही.

आम्ही मूळचे पिशोरचे. लागोपाठ पाऊस गेला तेव्हा आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, मग बिऱ्हाड उचलून इकडं आलो. तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते. पत्रा ठोकून भाग काढणाऱ्या प्रेसवर मला काम लागलं. दर ठोक्याला जमीन हादरायची. साहेब म्हणायचे, कानात कापूस घाला. मी म्हणायचो, कापूस पिकवणाऱ्यानं कापूस कानात घालायचा काय? सगळे हसायचे, आणि मी घालायचो नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं याचं काम आहे.

मला दुपारपाळी असली की सकाळी मंदाला शाळेत सोडायला मी यायचो आणि खिडकीबाहेर थांबायचो. तुम्हाला वाटायचं, बाप पोरीसाठी थांबलाय. खरं तर तुम्ही कुठं चुकता ते बघायला मी थांबायचो. तुम्ही कागदाची पट्टी ओठांसमोर धरायचात आणि 'प' म्हणायचात. पट्टी हलायची. मग मंदाच्या ओठांसमोर धरायचात. पट्टी हलायची नाही. परत तुम्ही, परत ती. पुढं 'ण'ची पाळी आली, तेव्हा तिचं बोट तुमच्या नाकाच्या शेंड्यावर. आवाज म्हणजे काय हे कळावं म्हणून तिचा एक हात तुमच्या गळ्यावर आणि दुसरा तिच्या स्वतःच्या. तुमचे आजोबा पोथी सांगणारे, घरात सोवळं-ओवळं, आणि माझ्या पोरीचा मातीनं भरलेला हात सकाळभर तुमच्या गळ्यावर. तुम्ही गळा पुसताना कधी दिसला नाहीत. मी त्यासाठीही बघत होतो.

एक दिवस पट्टी हलली. मला वाटलं तुम्ही आता टाळ्या वाजवाल, पोरीला उचलाल. तुम्ही पट्टी तिच्या हातात दिली आणि खुणेनं सांगितलं, घरी ने, आबाला दाखव. ती पट्टी तिनं घरापर्यंत मुठीत आणली, घामानं भिजवली, आणि मग ती काही हलेना. त्यापायी मंदा रडली. मायनं चुलीपुढं धरून वाळवली, तेव्हा हलली. मी जेवत होतो. मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. आज दुसरं काहीतरी म्हटलं असतं, पण तेव्हा ते म्हटलं.

मग ऐकायच्या मशीनची डबी आली. छातीला पट्ट्यानं बांधायची, तिच्यातून वायर निघून कानात. मंदाच्या मायनं तिला फडक्याची पिशवी शिवली. मंदाला ऐकू फार येत नव्हतं, पण घणाचा ठोका, गाडीचा हॉर्न असं काहीतरी कळायचं. गल्लीतली पोरं मागं लागायची, "ए रेडिओ, गाणं लाव! ए रेडिओ, बातम्या लाव!" मंदाला ते ऐकू यायचं नाही, मला यायचं. ती डबी काढून टाकावी असं मला एकदाही वाटलं नाही, उलट मी तिचं बोट धरून भर रस्त्यानं चालायचो. बघा म्हणावं, माझ्या लेकीला मशीन आहे. तुम्ही मला पुढं याच गोष्टीवरून पकडलंत.

घरात खडे मारणं बंद झालं. पण नाव घेणं मी सुरू केलं नाही. खांद्याला हात लावायचो. बाई सांगतात म्हणून करायचं नाही, एवढाच हट्ट होता. मंदाची माय मात्र तिच्यासमोर बसून दिवसातून पन्नास वेळा "मंदा, मंदा" करायची. मंदा तिच्या ओठांवरून नाव ओळखायला शिकली. माझ्या ओठांवरून तिला ते कधी वाचायला मिळालं नाही.

आता लग्नाचं.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न, पिशोरला. मंदा आठ वर्षांची. तोपर्यंत तिला दहा-बारा शब्द यायला लागले होते. घरातल्यांना ते कळायचे. बाहेरच्या माणसाला नुसता आवाज ऐकू यायचा, वर-खाली जाणारा, घागरीतून आल्यासारखा. मांडवात पंगत बसली होती. मी वाढत होतो. मंदा लांबच्या टोकाला बसलेली, तिच्या पत्रावळीवर भात नव्हता. ती जोरात ओरडली, "आबा, भात!" तुमच्यासमोर म्हणाली असती तर तुम्ही आनंदानं वेड्या झाला असतात. दोन शब्द, एकापुढं एक.

पंगतीत कुणीतरी म्हणालं, "अरे, मांडवात बकरी कुणी सोडली?"

आख्खी पंगत हसली. मंदाही हसली, तिला वाटलं आपलं ऐकलं म्हणून लोक खूश झाले. मी भाताची परात घेऊन तिच्याकडं गेलो, वाकलो आणि ओठांवर बोट ठेवलं. गप. तिनं भात खाल्ला. परत काही मागितलं नाही.

त्यानंतर ती बोलायची थांबली. मला बरेच दिवस ते कळलं नाही. खरं सांगायचं तर घर शांत झालं याचं मला बरंच वाटलं. तुमच्या शाळेत ती पट्टी हलवायची, पण आवाज काढायची नाही. तुम्ही महिनाभर वाट बघितली आणि एका रविवारी भर उन्हात आमच्या गल्लीत आलात, हातात छत्री, कपाळावर घाम.

"काय झालं लग्नात?"

"काय नाय. लग्न झालं."

"दादाराव, मुलगी गप्प का झाली?"

"मुकी पोरगी, गप्पच असती."

तुम्ही माझ्याशी बोलणं सोडून मंदासमोर बसलात आणि तिला विचारलंत. मंदानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग तेच बोट माझ्याकडं केलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हटलं, "लोक हसत होते."

"लोक हसत होते, तर गप्प कुणाला करायचं? लोकांना की हिला?"

"पाव्हण्यारावळ्यात बसायचं आम्हाला असतंय बाई. तुमचं काय जातं? तुम्ही शिकवता आणि घरी जाता."

"माझं काय जातं सांगू? एक 'प' जातो, एक 'ण' जातो. दोन वर्षं तिचं बोट माझ्या नाकावर होतं, ती दोन वर्षं जातात. तुम्ही एका बोटानं पुसलंत की सगळं."

मंदाची माय आतून म्हणाली, "बाई, पाणी घ्या." आणि मग, "तांब्याभरच हाय, नळ आला नाय अजून."

तिथून ते नळाचं निघालं. नाहीतर आपण त्या दिवशी कायमचे तुटलो असतो.

दुष्काळ संपला असं तोवर पेपरात आलं होतं. आमच्या गल्लीतल्या नळाला ते कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यांमुळं माणसं येत होती, खोल्यांवर खोल्या चढत होत्या, आणि नळ तोच एक. कधी दुपारी यायचा, कधी तिसऱ्या प्रहरी. बायका सकाळीच हंडे ओळीनं मांडून ठेवायच्या आणि सावलीला बसायच्या. नळ खोकला की ज्याला ऐकू जाईल तो हाळी द्यायचा, "पाणी आलं!" मग धावाधाव. हाळी झाल्यावर हंड्यापाशी माणूस नसलं तर हंडा पायानं बाजूला, असा तिथला कायदा. मंदाला बसवलं की आमचा हंडा हटकून बाजूला जायचा. म्हणून पुढं तिला बसवणंच सोडलं होतं.

तुम्ही विचारलंत, "मंदा का बसत नाही नळावर?"

मी म्हटलं, "हाळी ऐकू येत नाय तिला. एवढं तरी कळायला पाहिजे मास्तरणीला."

तुम्ही छत्री मिटलीत, मंदाचा हात धरलात आणि निघालात. मी मागं. नळाजवळ एक दगड होता, कपडे आपटायचा, त्यावर तुम्ही बसलात. आमच्या शेजारच्या शकूबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा हंडा कुठंय?" तुम्ही म्हणालात, "माझा हंडा नाही. मी रांगेत नाही." बायका हसल्या. तुम्ही मंदाचा हात घेतलात आणि जमिनीतून वर आलेल्या त्या लोखंडी पाइपावर ठेवलात. पाइप तापलेला. तिनं हात काढला. तुम्ही पदराचं टोक पाइपाला गुंडाळलंत, त्यावर परत तिचा हात ठेवलात, आणि बसून राहिलात.

किती वेळ कोण जाणे. ऊन सरकलं. बायका आपापल्या गप्पांत गेल्या. मी मनात म्हणत होतो, आता उठतील, मग उठतील.

एकाएकी मंदा ताठ झाली. तिचे डोळे मोठे झाले. तोटी कोरडी होती, आवाज काही नव्हता, माझे कान तेव्हा शाबूत होते तरी मला काही ऐकू आलं नव्हतं. तुम्ही लगेच तिचा दुसरा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवलात आणि "अ" म्हणालात. तिनं पाइपाकडं बघितलं, तुमच्या गळ्याकडं बघितलं. ती हसली. पाण्याच्या आधी वारा येतो ना, तो पाइपात थरथरत होता. तोच गळ्यातला थरथराट.

तुम्ही तिला म्हणालात, "सांग. सगळ्यांना सांग."

ती तुमच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

मी काही केलं नाही. मान हलवली नाही, हसलो नाही. हात खाली होता तो खालीच ठेवला. माझ्याकडून तेवढंच झालं.

मंदा ओरडली, "पाई!"

सावलीतल्या बायका दचकल्या. शकूबाई म्हणाल्या, "काय झालं गं हिला?" कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे रशीदचाचा पान्हा हातात घेऊन उभे राहिले, "क्या बोली बच्ची?" आणि तेवढ्यात नळ खोकला, फुरफुरला, आणि आला.

चाचा म्हणाले, "अरे, नल से पहले तो बच्ची बोली!"

त्या दिवशी आमचा हंडा पहिला भरला. तुम्ही पदर बघितलात, पाइपाचा गंज लागला होता त्याला. झटकलात आणि मला म्हणालात, "उद्यापासून नळावर मंदा." माझं उत्तर ऐकायला थांबला नाहीत.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला सांगायला आवडतं. आठ दिवसांत बायका सावलीत निवांत झोपायला लागल्या. मंदा नळाशी आणि हंडे आपापल्या जागी. पंधरा दिवसांनी शकूबाईच हंडा बाजूला करणाऱ्या एका नव्या बाईवर ओरडल्या, "हात लावू नको, मंदानं अजून सांगितलं नाय!" त्याच म्हणायच्या, "आमच्या गल्लीचा नळ मुका, बोलती मंदा." बकरी कुणी म्हटलं नाही. आवाज तोच होता, घागरीतला. त्याच्यामागं पाणी यायला लागलं होतं, म्हणून लोक कान देऊन ऐकायचे. 'ण' तिला नळावरच आला. रोज ओरडून ओरडून 'पाई'चं पाणी झालं.

मी तेव्हा तुमच्याकडं येऊन म्हणायला पाहिजे होतं की बाई, तुमचं बरोबर. आलो नाही. दिवाळीला मंदाच्या मायच्या हातून चिवडा पाठवला. तुम्ही डबा परत पाठवलात तो लाडू भरून, आणि आत चिठ्ठी, "चिवडा खारट होता. स्वतः आला असतात तर तोंडावर सांगितलं असतं."

मंदा मोठी झाली, शिवण शिकली, लग्न झालं. गुलमंडीजवळ फॉल-पिकोचं दुकान टाकलं तेव्हा आपलं दुसरं भांडण झालं. तुम्ही तिला पाटी रंगवून आणून दिलीत, 'मला ऐकू येत नाही. कृपया समोर उभं राहून बोला.' मी म्हटलं, जगाला कशाला सांगायचं? गिऱ्हाईक येणार नाही. तुम्ही म्हणालात, "दादाराव, पाटी कुठं लावायची ते दुकान चालवणारीला विचारा." मंदानं ती नेमकी गल्ल्याच्या वर लावली. ती अजून आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, मंदा त्याच्या तोंडाकडं बघते, आणि घाईत असलेलं माणूससुद्धा जरा सावकाश बोलायला लागतं. मी दुकानात जाऊन बसायचो ते मदतीला. कुणी काही विचारलं की मी मध्ये उत्तर द्यायचो. एक दिवस मंदानं मला चहा दिला, हात धरून उठवलं आणि बाहेर स्टुलावर बसवलं. हेसुद्धा तुम्हीच शिकवलं असणार.

आता माझं.

प्रेसवरची तीस वर्षं. ठोके हळूहळू बारीक होत गेले आणि मला वाटलं मशीन नवीन आलीत. निवृत्त होईपर्यंत मंदाच्या मायला मला दोन-दोनदा हाक मारावी लागायची. ती गेली तेव्हा शेवटी काय म्हणाली तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. मी मंदाकडं सिडकोत राहायला आलो. घरात एकटीलाच धड ऐकू यायचं, ती म्हणजे रेणू. जावईही तुमच्याच शाळेतले. ते तिघं हातानं, ओठानं भराभर बोलायचे, हसायचे, आणि मी मध्ये बसलेला. माझं काही अडत नाही, असं मी म्हणायचो.

मग परत तसला दुष्काळ आला. जायकवाडीत गाळ दिसायला लागला, सिडकोत टँकर फिरू लागले. एक दिवस मला दारात बसवलं होतं, टँकरवर लक्ष ठेवायला. तुम्ही सहज भेटायला आलात तेव्हा मी दारातच होतो, आणि टँकर हॉर्न वाजवत माझ्या समोरून की माझ्या पाठीमागच्या रस्त्यानं, कुठून तरी निघून गेला होता. मी पेपर वाचत होतो. मंदा आतून बादल्या घेऊन पळत आली. तिला जमिनीतून कळलं होतं. बायकांच्या मागं धावत जाऊन तिनं दोन बादल्या आणल्या.

तुम्ही पायरीवर उभ्या होतात, काठी टेकवून. माझ्या तोंडासमोर आलात आणि मोठ्यानं म्हणालात, "दादाराव, खडा मारू का?"

तुम्हाला ते आठवत होतं. चाळीस वर्षांपूर्वी मंदाच्या मायनं तुम्हाला सांगितलं असणार. मला राग आला. मी आत गेलो.

त्यानंतर तुम्ही सोडलं नाहीत. तपासणीला तुम्ही आणि मंदा मला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेलात, चोर न्यावा तसा. तिथं मशीन कानात घातलं आणि मला वाटलं आख्खं शहर भांडी घासतंय. मी काढून टेबलावर ठेवलं. मंदानं ते घरी आणलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात.

तुम्ही म्हणालात, "आठ दिवस लावा. मंदाला सवय व्हायला आठ महिने लागले होते."

मी म्हटलं, "ती लहान होती."

"लहान होती म्हणून छातीला डबी बांधून भर बाजारातून मिरवलंत. आणि तुम्हाला शेंगदाण्याएवढं कानात घालायला लाज वाटते?"

"लाज कसली? माझं काय अडलंय?"

"तुमचं नाही अडलं. तुमच्या मुलीचा आवाज तुम्ही किती वर्षं ऐकला नाही, तेवढं सांगा."

मी म्हटलं, विचार करतो. असा मी विचार करत राहिलो. तुम्ही यायचात, माझ्या कानाकडं बघायचात, मी दुसरीकडं बघायचो. मंदा मध्ये बसून दोघांकडं बघायची, तिला आपलं भांडण ऐकू न येता सगळं कळायचं.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी. तुम्ही पलंगावर, उशीला टेकून. आवाज खोल गेला होता तुमचा, मला नुसते ओठ हलताना दिसायचे. मंदा पलंगाशी, मी खुर्चीवर. पहिल्या दिवशी न मिळालेली खुर्ची, असं माझ्या मनात आलं, पण ते बोलून दाखवलं नाही. तुम्ही मला काहीतरी म्हणालात. मी म्हटलं, "व्हय." तुम्ही परत काहीतरी म्हणालात, बोट वर करून. मी म्हटलं, "व्हय, व्हय." आजारी माणसाला दुसरं काय म्हणायचं? तुम्ही हसलात. मंदानं तुमचे ओठ वाचले होते. ती तुमच्या हातावर डोकं ठेवून हसली, आणि मग रडली. मला वाटलं, तब्येतीचं असेल. तुम्ही काय म्हणालात असं मी विचारलं नाही. विचारलं असतं म्हणजे ऐकू आलं नाही हे कबूल करणं झालं.

चार दिवसांनी तुम्ही गेलात. निरोप रेणूच्या आईबापांना मेसेजनं आला. मंदा माझ्यासमोर आली, तुमच्यासाठी तिची जी खूण आहे ती तिनं केली, गळ्यावर हात, आणि मग तो हात उलटा केला.

शोकसभा शाळेच्या नव्या इमारतीत झाली. मोठे मोठे लोक बोलले, मी पायातल्या चपलेकडं बघत बसलो. मग मंदा उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या ऐकणाऱ्या माणसांच्या पुढं ती माइकसमोर उभी राहिली, आणि बोलायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं.

बाई, माझा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला. पन्नास वर्षांनी. हनुवटीपर्यंत आला. तिथं मी दाढी खाजवली आणि खाली ठेवला.

ती चार-पाच मिनिटं बोलली. मला नुसतं तिचं तोंड हलताना दिसत होतं. लोकांनी डोळे पुसले. मग एकदम सगळे हसले आणि वळून माझ्याकडं बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढं पिशोरचा मांडव आला. मी उभा राहिलो. कुणी माझ्या लेकीला हसला असता तर या वयातही मी सोडला नसता. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली, काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "व्हय."

घरी आल्यावर मी रेणूला विचारलं, लोक कशाला हसले? तिनं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. जसंच्या तसं उतरवतो.

"आई म्हणाली, शेवटच्या भेटीत बाईंनी आजोबांना विचारलं, मशीन लावणार ना? आजोबा म्हणाले, व्हय. बाईंनी विचारलं, शब्द आहे? आजोबा म्हणाले, व्हय, व्हय. आयुष्यात आजोबांनी बाईंचं पहिल्यांदा ऐकलं, तेही न ऐकता."

मी वही मिटली. मला राग आला. तुमचा, मंदाचा, रेणूच्या अक्षराचासुद्धा. जेवलो नाही. पण बाई, आमच्याकडं दिलेला शब्द फिरवत नाहीत. तो ऐकून दिला की न ऐकता, हे विचारायची पद्धत नाही. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणून तर तुम्ही बोट वर केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती. शहराचं नाव बदललं, ते चारी दिशांना पसरलं, पण नळ अजून आठवड्यानंच येतो आणि वेळ तो स्वतःच ठरवतो. मी कपाटातून डबी काढली. मशीन उलटं धरलं होतं. मंदानं सुलटं केलं, माझ्या कानात बसवलं आणि काही न विचारता अंगणात गेली. भांडी घासणं सुरू झालं. पंखा, कुकर, रस्त्यावरची रिक्षा, माझा स्वतःचा श्वास. मी दातावर दात ठेवून बसलो.

मंदानं नळाच्या पाइपावर हात ठेवला होता. सत्तावन्न वर्षांची बाई झाली, तरी ती तशीच उभी राहते. थोडा वेळ गेला. मग ती ताठ झाली, वळली आणि म्हणाली, "आबा, पाणी."

आवाज तोच, घागरीतला. पण 'ण' स्वच्छ होता.

मी उठलो. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि तिचं नाव घेतलं, "मंदा."

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आधी बादली लावा."

मी बादली लावली.